४८ पणत्या आणि गोडोची ‘बॅच रीनेम’ खिडकी

दिवसा पतसंस्थेत खाती सांभाळतो, रात्री जेवणं उरकली की गोडो ४ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) उघडून बसतो. इंजिन फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं, त्यामुळे एकूण तक्रार नाही. आज लिहितोय ते त्यातल्या एकाच खिडकीबद्दल, एका दमात अनेक वस्तूंची नावं बदलणाऱ्या ‘बॅच रीनेम’बद्दल.

गेममध्ये एक वाडा आहे, त्यात ४८ पणत्या. अंधारात फिरून एकेक पेटवायची. एक पणती नीट बनवली आणि कॉपी काढायला कंट्रोल-डी दाबत सुटलो. गोडो आपणहून पणती२, पणती३ अशी नावं देतं. पण कोणती पेटली हे सेव्ह करायला पणतीवर जो नंबर ठेवला होता, तोही कॉपीबरोबर जसाच्या तसा आला. म्हणजे ४८ पणत्या आणि सगळ्यांचा नंबर १. एक पेटवली की सेव्हच्या लेखी अख्खा वाडा उजळलेला!

हाताने ४८ नंबर टाकायचे म्हणजे शिक्षाच. मग नंबर नावातच घालायचं ठरवलं. सगळ्या निवडून राइट-क्लिक केलं, ‘बॅच रीनेम’ उघडलं. ‘सर्च’मध्ये नावाची खूण (तिच्या जागी त्या पणतीचं जुनं नाव धरलं जातं), ‘रिप्लेस’मध्ये ‘पणती_’ आणि पुढे काउंटरची खूण (तिच्या जागी वाढता नंबर येतो). ‘सबस्टिट्यूट’वर टिक करायला मात्र विसरू नका, नाहीतर खुणांना काही अर्थच उरत नाही. ‘पॅडिंग’, म्हणजे नंबरात किमान किती आकडे, ३ ठेवलं. पणती_००१ ते पणती_०४८, एका फटक्यात. पुढची शून्यं शोभेची नाहीत. ती नसतील तर नावांची यादी अक्षरांप्रमाणे लावल्यावर १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. पसंत पडलं नाही तर एका अनडूमध्ये सगळी जुनी नावं परत.

आता गेमची स्क्रिप्ट, म्हणजे कोड, नावातूनच नंबर काढते. तिथे एक खोच आहे. गोडोचं मजकुरातून आकडा काढणारं ‘टू इंट’ फंक्शन अक्षरं गाळून उरलेले सगळे आकडे जोडतं, त्यामुळे ‘पणती२डी_००७’ असं नाव दिलंत तर हातात ७ नाही, २००७ येतो. अंडरस्कोरनंतरचाच तुकडा घ्या.

खटकलेली गोष्ट म्हणजे क्रम. दिंडीदरवाज्यापासून माजघरापर्यंत ज्या वाटेने खेळाडू जाईल, त्या क्रमाने मी एकेक पणती निवडत गेलो. खिडकीला त्याचं सोयरसुतक नाही, ती सीन ट्रीमध्ये (गेममधल्या वस्तूंच्या यादीत) वरून खाली जशा आहेत तसेच नंबर देते. शेवटी ट्रीमध्येच पणत्या वरखाली सरकवत बसलो. प्रिव्ह्यूही एकाच नावाचा दिसतो, तेव्हा चूक झाली तर कळते नंतरच.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र माझा मीच केला. तुळशीवृंदावनापाशी दोन पणत्या वाढवल्या, ट्रीमध्ये वर टाकल्या आणि सगळ्यांना पुन्हा १ पासून नंबर दिले. भाच्याने जुना सेव्ह उघडला आणि ओरडला, “मामा, मी देवघरातली लावलेली, ही माडीवरची कशी काय पेटली?” पतसंस्थेत बंद झालेल्या खात्याचा नंबर आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. रोज हेच काम करणारा माणूस मी, आणि घरी येऊन हे उद्योग! आता फक्त नव्या पणत्या निवडतो आणि ‘इनिशियल व्हॅल्यू’ (सुरुवातीचा नंबर) ४९ टाकतो. जुन्यांना हात लावायचा नाही.

खेळ चालू असताना जन्मणाऱ्या वस्तूंसाठी ही खिडकी कामाची नाही. उदाहरणार्थ माझे काजवे. वस्तू गेममध्ये जोडणाऱ्या ‘ॲड चाइल्ड’ फंक्शनला दुसरं मूल्य ‘ट्रू’ दिलं नाही तर सारख्या नावांच्या जागी ‘@’ असलेली विचित्र नावं मिळतात. त्यांच्यासाठी काजवे सोडणाऱ्या कोडमध्येच, म्हणजे स्पॉनरमध्ये, एक काउंटर ठेवलाय, काजवा निघाला की एकाने वाढतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो निवडीच्या क्रमासाठी. भाच्याला देवघरातली पणती परत लावायला लागली, त्याने कापलेले तारे वेगळे.