मोडलेलं फायबरचं ग्लायडर: आहे तसं जोडायचं, की नाकात मोटर घालायची?

यवतेश्वरच्या वर वारा अचानक पडला आणि माझं तीन मीटर पंखांचं रिमोटचं ग्लायडर करवीच्या झुडपांत शिरलं. पंख वाचले, बॉडी शेपटीच्या वीतभर अलीकडे मोडली. (माणूस बसतो त्या ग्लायडरला मात्र घरी हात लावायचा नाही, ते परवानाधारक इंजिनिअरचं काम.)

साताऱ्यात सोपा रस्ता म्हणजे टाक्या आणि बंपर दुरुस्त करणारा फायबरवाला. पॉलिएस्टर रेझिन (कडक होणारा चिकट द्रव), मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई), स्वस्तातलं काम, आणि चहा घेऊन परत येईस्तोवर कडक. आमचे फायबरवाले मामा म्हणाले, "दोन थर मारतो, ट्रॅक्टर गेला तरी तुटायचं नाही." अडचण तिथंच आहे. मॅट रेझिन भरपूर पिते. तोलबिंदूच्या ७५ सेंटीमीटर मागे २० ग्रॅम वाढले, तर ३० सेंटीमीटर पुढे नाकात ५० ग्रॅम शिसं घालावं लागतं. वीस ग्रॅमची दुरुस्ती सत्तर ग्रॅमला पडते.

दुसरं असं, की चांगल्या ग्लायडरची बॉडी बहुधा इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनची असते आणि वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. वरून घट्ट दिसतं, एका दणक्यात पापुद्रा सुटतो. इपॉक्सी मात्र दोन्हींवर बसतं. तुटका काठ घासून बघा. टाकीवाल्याच्या दुकानासारखा उग्र वास आला तर बॉडी पॉलिएस्टरची.

इपॉक्सीचे नखरे आहेतच. रेझिन आणि हार्डनर अंदाजानं ओतून चालत नाही, सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा लागतो. मिश्रण चुकलं तर ते आठवडाभर चिकटच राहतं, हार्डनर वाढवूनही सुधारत नाही. साताऱ्याच्या पावसात वर मेणचट थर येतो. तो आधी कोमट पाण्यानं पुसायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा, नाहीतर पुढचा थर सुटतो. मॅटऐवजी विणलेलं पातळ कापड घ्या. एक मिलिमीटर जाडीला दोन्ही बाजूंनी वीसेक मिलिमीटर उतार घासा, आणि निदान एक थर ४५ अंशांत तिरका टाका, कारण शेपटीला पीळ बसतो. मोडलेल्या जागेच्या पुढेमागे नाण्यानं ठोकत जा. 'टण' वाजलं तर ठीक. 'बद' वाजलं तर आतले थर सुटलेत, तिथपर्यंत घासावं लागेल.

आता मोटर. मोटरसाठी नाक कापलं की परत येत नाही, आणि कड्यावर उडवायला मोटरची गरजही नाही. कड्याला आपटून वर चढणारा वारा असला की झालं, नसला की घरी. यवतेश्वर किंवा कासच्या बाजूला जाणाऱ्यानं आहे तसंच जोडावं. माण-खटावच्या माळावर उडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथं उन्हानं तापून वर चढणारे हवेचे झोत चांगले मिळतात, पण त्यांच्यापर्यंत चढायला कडा नाही. तिथं मिटणारा पंखा लावलेली मोटर कामाची. नाकात शिसं भरायचंच असेल, तर त्या जागी बॅटरी बसवलेली परवडते. मोटर दोन-तीन अंश खाली झुकवून लावा, नाहीतर जोर दिला की नाक वर उचलतं.

कानस हातात घेण्याआधी मोटर आणि बॅटरी नाकाला चिकटपट्टीनं बांधून दोन बोटांवर तोल बघा. माझं ग्लायडर तेवढ्यानंच नाकावर पडलं, म्हणून मी मोटर काढून ठेवली आणि फक्त शेपटी जोडली.