‘बसवून झाल्यावर बघा’ म्हणणारा कॅनोपीवाला

पिकअपच्या हौद्यावर कॅनोपी, म्हणजे हौदा झाकणारं फायबरचं किंवा ॲल्युमिनियमचं बंद छप्पर, बसवून घेणार असाल तर आधी हे वाचा. दुसऱ्याच मापाची, वापरलेली कॅनोपी ‘नवीकोरी, तुमच्याच मॉडेलची’ म्हणून माझ्या गळ्यात मारली गेली. ती बसत नाही हे लपवायला माझ्या गाडीच्या पत्र्याला आरपार भोकंही पाडली गेली. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याने केलं कसं ते लिहितो, कारण असं करणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

ऑर्डर देताना मी गाडीचं मॉडेल, साल, कॅबचा (पुढच्या केबिनचा) प्रकार आणि हौद्याची लांबी मेसेजवर लिहून पाठवली होती. उत्तर आलं, “बसेल हो. थोडंफार ॲडजस्ट करावं लागतं, ते आमचा फिटर बघतो.” मापात ॲडजस्ट करायचं असतं काय? फायबरची कॅनोपी साच्यातून निघते, ॲल्युमिनियमची मापं ठरवून जोडलेली असते. ती ताणून लांब होत नाही की दाबून रुंद होत नाही. आणि मापं गाडीच्या नुसत्या नावावरून कळत नाहीत. फोर्ड एफ-१५० घ्या. या एका नावाखाली साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी असे तीन हौदे येतात, आणि हे फूटही तोंडी हिशेबाचे. टेप लावली तर ६७.१, ७८.९ आणि ९७.६ इंच भरतात. शिवाय २०१५ च्या मॉडेलपासून त्याच गाडीची बॉडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची झाली. टोयोटा हायलक्सचीही २०१५ मध्ये नवी पिढी आली. आधीच्या पिढीची कॅनोपी नव्या हौद्यावर बसेल असं नुसत्या नावावरून कुणी सांगत असेल तर तो अंदाज मारतोय किंवा जुना माल खपवतोय.

बसवायच्या दिवशी मला वर्कशॉपच्या आत येऊ दिलं नाही. “सेफ्टीचा नियम आहे साहेब, बसवून झाल्यावर बघा.” सगळी मेख इथेच आहे. कॅनोपी चुकीच्या मापाची आहे हे फक्त एकदाच स्वच्छ दिसतं: ती हौद्यावर नुसती ठेवलेली असते तेव्हा, खाली फोमची पट्टी नाही, क्लॅम्प नाही, सिलिकॉन नाही. योग्य मापाची असेल तर हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या आणि पुढच्या कडेवर सपाट टेकते, कॅबपासूनचं अंतर डावीउजवीकडे सारखं राहतं, आणि मागची चौकट फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या, खाली पडणाऱ्या झडपेच्या) दोन्ही टोकांना जुळते. चुकीची असेल तर कुठलातरी कोपरा अधांतरी राहतो आणि हाताने दाबला की हलतो. एकदा बोल्ट आवळले, वर सिलिकॉनचा थर फासला, की बाहेरून सगळं सरळच दिसतं.

माझी गाडी बाहेर आली तेव्हा खरंच छान दिसत होती.

पहिली शंका कॅनोपीच्या मागच्या दारामुळे आली. डाव्या बाजूचं लॅच लागायचं, उजव्या बाजूचं दार आपटल्याशिवाय लागायचं नाही. मग रात्री मागून आलेल्या एका गाडीवाल्याने शेजारी येऊन ओरडून सांगितलं की तुमचा वरचा ब्रेकलाइट सतत पेटलेला आहे. कॅनोपीमुळे कॅबच्या मागचा वरचा ब्रेकलाइट झाकला जातो, म्हणून कॅनोपीला स्वतःचा असतो आणि त्याची वायर गाडीच्या ब्रेकलाइटला जोडायची असते. या पठ्ठ्याने ती टेललाइटच्या वायरला पिळून वर टेप गुंडाळली होती. हेडलाइट लावले की तो लाल दिवा कायम चालू. मी ब्रेक मारतोय की नाही हे मागच्याला त्या दिव्यावरून कळणार कसं?

खरा धक्का खराब रस्त्याच्या प्रवासानंतर बसला. कॅबच्या मागच्या बाजूला, काचेच्या वरच्या कोपऱ्यात रंग खरवडून पत्रा दिसत होता. बहुतेक पिकअपमध्ये कॅब आणि हौदा चॅसीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खड्ड्यातून जाताना चॅसी पिळते आणि दोघं आपापल्या दिशेने झुकतात. म्हणून कॅनोपी आणि कॅबमध्ये मोकळी जागा ठेवायचीच असते. माझी कॅनोपी हौद्यापेक्षा लांब होती. मागे फाळक्याशी जुळवून घेतल्यावर तिचं पुढचं टोक कॅबला जवळजवळ चिकटलं होतं. उभ्या गाडीत बारीकशी फट दिसायची. चालत्या गाडीत ती मिटायची आणि फायबर पत्र्यावर घासायचं.

दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर ऐका: “तुमचा हौदाच वाकडा आहे. आधी कुठे ठोकली होती का गाडी?” हे उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, आणि माणूस क्षणभर गप्प बसतोच. तपासणं मात्र अगदी सोपं आहे. हौद्याचे दोन्ही कर्ण मोजायचे, समोरचा डावा कोपरा ते मागचा उजवा आणि उलट. दोन्ही सारखे भरले तर हौदा तिरका झालेला नाही. माझे सारखे भरले. टेप दिसेल असे फोटो काढून ठेवले. नंतर तेच कामाला आले.

मग दुसऱ्या बॉडीशॉपमध्ये कॅनोपी उतरवून घेतली. तिथल्या मिस्त्रींनी पहिला बोल्ट सैल केला आणि पुढचा कोपरा टणकन वर उचलला गेला. म्हणजे ती बसवलेली नव्हती, ओढून बांधलेली होती. मागच्या बाजूला ती हौद्यापेक्षा अरुंदही होती, म्हणून कडेतून ड्रिल मारून, बोल्ट आणि मोठे वायसर टाकून ती जबरदस्तीने खेचली होती. त्या ओढीने मागची चौकट पिळली गेली आणि उजवं लॅच लागेना. कोपऱ्यांत जेलकोटला (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगाही पडायला लागल्या होत्या. वास्तविक बहुतेक गाड्यांवर कॅनोपीसाठी भोक पाडावंच लागत नाही. कडांवर फोमची पट्टी लावायची, कॅनोपी ठेवायची आणि कॅनोपीची आतली कड व हौद्याची कड एकत्र धरणारे क्लॅम्प आतून आवळायचे. तेही बेताने, कारण जास्त आवळलं तर फायबर तडकतं.

कॅनोपी उलटी केल्यावर उरलेलं उघड झालं. आतल्या बाजूला जिथे बनवणाऱ्याचा स्टिकर आणि नंबर असतो, तिथे तो खरवडून काढला होता. गोंदाचा चौकोन तेवढा शिल्लक होता. कडेवर जुन्या क्लॅम्पचे दाबलेले ठसे होते, आणि ते माझ्या गाडीवर लागलेल्या जागांशी जुळत नव्हते. ब्रेकलाइटची वायर जुनी, कापून पुन्हा जोडलेली. ही कॅनोपी आधी कुणाच्या तरी वेगळ्या हौद्यावर राहून आलेली होती.

नुकसान कॅनोपीपुरतं राहत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. भोकांच्या उघड्या कडांना गंज धरतो. ड्रिलचा कीस हौद्याच्या कडेच्या पोकळीत पडून राहतो आणि आतून गंजतो. ॲल्युमिनियमच्या बॉडीत साधे लोखंडी बोल्ट घातले तर पाणी लागल्यावर दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम खात जातं. आणि सिलिकॉन पूर्ण निघालं नाही तर त्या जागी नवा रंग नीट धरत नाही, खड्डे पडतात. पेंटरचं अर्धं काम ते सिलिकॉन काढण्यातच गेलं.

आता थोडं विक्रेत्यांच्या बाजूनेही. प्रत्येक त्रास म्हणजे फसवणूक नव्हे. फाळक्याभोवती कंपनीकडूनच फटी असतात आणि चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे तिथून धूळ आत खेचली जाते. त्याला वेगळी रबर पट्टी मिळते. (त्याच वाटेने सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून चालत्या गाडीत कॅनोपीखाली कुणालाही, कुत्र्यालासुद्धा, बसवू नका.) पुढच्या कोपऱ्यांत जोराच्या पावसात चार थेंब येणं, कडांवर प्लास्टिकचं कव्हर असेल तर त्याच्या रेघांमधून पाणी झिरपणं, काही दिवस चालवल्यावर पट्टी दबून क्लॅम्प सैल होणं, हे सगळं योग्य कॅनोपीतही होतं आणि दुरुस्त होतं. कॅबला घासणारी किंवा कोपरा अधांतरी ठेवणारी कॅनोपी मात्र कुठल्याही पट्टीने सुधारत नाही.

दुसरी कॅनोपी घेताना पैसे देण्याआधी ती हौद्यावर नुसती ठेवायला लावली, चारी बाजूंनी फिरून हात घालून पाहिलं आणि मगच पट्टी लावू दिली. पावतीवर गाडीचं साल, हौद्याचं माप, कॅनोपीचा नंबर आणि ‘भोक न पाडता’ असं लिहून घेतलं. पहिल्या दुकानाच्या पावतीवर फक्त ‘कॅनोपी, १ नग’ एवढंच होतं, आणि भांडताना त्याने तीच पुढे केली. माझा मापं लिहिलेला मेसेज आणि त्यावरचं “बसेल हो” नसतं तर तो मला वाऱ्यावर सोडून मोकळा झाला असता. मेसेज, कर्णांचे फोटो आणि खरवडलेल्या स्टिकरचा फोटो जोडून लेखी तक्रार दिल्यावर त्याने कॅनोपी परत घेतली आणि तिचे पैसे दिले. फिटिंगचे पैसे आणि भोकं बुजवून रंग करण्याचा खर्च द्यायला तो अजून तयार नाही. त्यासाठी माझी तक्रार चालू आहे.