सोरा, १०५ की डीआयटू? घाटात चालवायच्या रोड बाईकचा ग्रुपसेट

रोड बाईक घ्यायची ठरली की दुकानात, व्हॉट्सॲप ग्रुपवर, रविवारच्या राईडला, सगळीकडून एकच सल्ला येतो : थोडे पैसे वाढव आणि १०५च घे. सल्ला वाईट नाही. (१०५ आणि सोरा ही शिमानो कंपनीच्या गियर-ब्रेकच्या संचांची नावं.) पण १०५मध्ये असं काय आहे जे सोरात नाही, असं विचारलं तर उत्तर बहुधा 'बारा गियर' आणि 'एकदम स्मूथ' यापुढे जात नाही. तेवढ्यासाठी कुणी इतके पैसे का वाढवावेत?

शिफ्टर (गियर बदलायचा लिव्हर), पुढचा-मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग), क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढची चक्रं, म्हणजे चेनरिंग), कॅसेट (मागच्या चक्रांचा संच), चेन आणि ब्रेक हा सगळा संच म्हणजे ग्रुपसेट. शिमानोची रोडची उतरंड सगळ्यांना पाठ असते : क्लॅरिस (८ स्पीड, म्हणजे मागे ८ चक्रं), सोरा (९), टियाग्रा (१०), १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस (शेवटचे तिन्ही आता १२). प्रत्येक पायरीला किंमत चढते, पण फायदा तसा चढत नाही. मधे एकच पायरी खरोखर उंच आहे. त्याखालच्या आणि वरच्या पायऱ्या, आपल्यासारख्या हौशी माणसासाठी, बुटक्या आहेत. आपल्यासारखा म्हणजे आठवड्यातून दोनदा-तीनदा चालवणारा, बोपदेव किंवा सिंहगड करणारा, वर्षातून एखादी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांत बसवायला बघणारा. शर्यत जिंकून पोट भरणाऱ्यासाठी हा लेख नाही.

आधी मागचं मोठं चक्र बघा

ग्रुपसेटचं नाव वाचण्याआधी दोन आकडे विचारा : पुढचं लहान चेनरिंग किती दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं. चढावर तुमचं काय होणार हे या दोन आकड्यांवर ठरतं. खालचा हिशोब ७५ किलोचा माणूस, बाईक आणि पाण्याच्या बाटल्या मिळून आणखी १२ किलो, २८ मिलिमीटरचं टायर आणि ८ टक्के चढ धरून केला आहे. पायडल मिनिटाला ६० फेरे, म्हणजे दमलेल्या माणसाचा केडन्स.

| पुढे / मागे | एका फेऱ्यात अंतर | वेग (ताशी) | लागणारी ताकद |
|---|---|---|---|
| ३४ / २८ | २.५९ मी. | ९.३ किमी | सुमारे २०० वॅट |
| ३४ / ३२ | २.२७ मी. | ८.२ किमी | सुमारे १७५ वॅट |
| ३४ / ३४ | २.१४ मी. | ७.७ किमी | सुमारे १६५ वॅट |
| ३४ / ३६ | २.०२ मी. | ७.३ किमी | सुमारे १५५ वॅट |
| ३३ / ३६ | १.९६ मी. | ७.० किमी | सुमारे १५० वॅट |

पहिल्या आणि चौथ्या ओळीत ४५ वॅटचा फरक आहे. नव्या माणसासाठी तो उतरून ढकलण्यात आणि बसून चढण्यात असतो. आणि हा फरक ग्रुपसेटच्या नावामुळे पडत नाही. मागे २८ असलेली जुनी अल्टेग्रा घाटात ३४ असलेल्या सोरापेक्षा जास्त दमवेल. सोरा आणि टियाग्राचा लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर ३४ दाते घेतो, बारा स्पीडची १०५ ३६पर्यंत जाते. म्हणजे या बाबतीत सोरा आणि १०५मध्ये अंतर आहे ते फार तर दहा वॅटचं. सोरात तीन चेनरिंगची क्रँकही यायची. ३० पुढे, ३२ मागे लावलं की थेट ३४/३६च्या पंगतीत. पण तीन चेनरिंग दिसली की रोडवाले नाक मुरडतात, त्याला इलाज नाही.

वरच्या टोकाची काळजी करू नका. ५०/११ला ९०च्या केडन्सवर ताशी ५२ किलोमीटर निघतात. ११-२८चं कॅसेट 'स्पीडसाठी' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हा आकडा सांगा.

सोरा विरुद्ध १०५ : फरक नेमका कुठे जाणवतो

सोराच्या ११-३२ कॅसेटमध्ये दाते असे येतात : ११, १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३२. १०५च्या ११-३४मध्ये : ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २७, ३०, ३४. चढाच्या बाजूला दोन्हीत फार वेगळं काही नाही. वेगाच्या टोकाला १०५ने १३ आणि १५ भरले आहेत, पण ५०/१५ला ९० केडन्सवर ताशी ३८ होतात. त्या वेगाने तासभर ओढणारे आपल्यात किती?

खरी गोम आहे सोराच्या १८ आणि २१च्या मधे. पुढे ५० असताना १८वर ताशी ३२ आणि २१वर साडेसत्तावीस. समोरून वारा आहे, तुम्ही २९ने चालला आहात : १८वर पाय जड होतात, २१वर केडन्स ९५पर्यंत जाऊन पाय भिरभिरतात. मग तासभर दोन्हींमध्ये खालीवर करत बसायचं. १०५मध्ये तिथे १७, १९, २१ असल्यामुळे १९वर निवांत बसता येतं. सपाटीवर ग्रुपमध्ये चालवणाऱ्यांना १०५ का आवडते त्याचं हे कारण. एकटे, आपल्या चालीने चालवत असाल तर ही खाच दोन आठवड्यांत अंगवळणी पडते.

मग उंच पायरी कोणती? ब्रेकची. सोरा आणि क्लॅरिसला हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक नाही. रिम ब्रेक किंवा तारेवर चालणारा डिस्क ब्रेक, एवढेच पर्याय. बारा स्पीडची १०५ फक्त हायड्रॉलिक डिस्कमध्येच येते. कोरड्या रस्त्यावर चांगला रिम ब्रेक पुरतो, त्यात कमीपणा काही नाही. पण जुलैमध्ये पसरणी घाट उतरताना रिम ओली असते, पॅड आधी पाणी पुसतं आणि मग धरतं. त्या अर्ध्या-एक सेकंदासाठी आधीपासून ब्रेक दाबून ठेवावा लागतो, आणि मोठ्या उतारात बोटं भरून येतात. पॅडमध्ये अडकलेली बारीक खडी रिम खरवडते ते वेगळंच. तारेचा डिस्क पावसात रिमपेक्षा बरा, पण पॅड झिजतील तशी तार ओढून घ्यावी लागते. हायड्रॉलिकला लिव्हरच्या वरच्या रबरी भागावर हात ठेवूनच एका बोटाने बाईक आवरते, पॅडची झीज तो स्वतः भरून काढतो.

म्हणून माझा कौल असा : पावसाळ्यात बाईक गॅलरीत उभी राहणार असेल तर सोरा घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या आणि बाईक फिट, म्हणजे बाईक आपल्या अंगाच्या मापाने जुळवून घ्या. पावसात घाट करणार असाल तर १०५साठी थांबा. बारा गियरसाठी नाही, ब्रेकसाठी.

टियाग्रा मधल्यामधे अडकली आहे. ४७०० ही पिढी २०१५पासून आहे, नंतर तिला हायड्रॉलिक लिव्हरही मिळाले आणि चालवायला ती छानच आहे. अडचण सुट्या भागांची : तिचा शिफ्टर तार जितकी खेचतो ते माप जुन्या १० स्पीडशी जुळत नाही, त्यामुळे कपाटातला जुना १० स्पीडचा डिरेलर तिला लावता येत नाही. हायड्रॉलिक टियाग्राची बाईक चांगल्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या. मुद्दाम शोधत जाऊ नका. शिमानोने २०२३मध्ये क्यूज हे नवं कुटुंब आणलं, आणि खालच्या तिन्ही पायऱ्यांची जागा तेच घेत आहे.

तारेची १०५ की बॅटरीची

२०२२मध्ये १०५ डीआयटू (तारेऐवजी बॅटरीवर गियर बदलणारी) आली आणि पुढच्या वर्षी बारा स्पीडची तारेची १०५. अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या बारा स्पीडला तारेचा पर्यायच ठेवलेला नाही. म्हणजे शिमानोत आज नवी तारेची रोड बाईक घ्यायची तर १०५ हेच शिखर.

शिफ्टिंगच्या गुणवत्तेत, दोन्ही नीट लावलेल्या असतील तर, फरक आहे पण पैशाइतका नाही. फरक पडतो तो 'नीट लावलेली' राहण्यात. तार शिफ्टरच्या आत तीव्र वळण घेते आणि तिथेच तिचे धागे एकेक करून तुटतात. मागचं लहान चक्र पकडायला बाईक कुरकुर करू लागली की समजायचं. दर पावसाळ्यानंतर आतली तार बदलली तर हा त्रास होत नाही, आणि तार स्वस्त असते. मात्र हल्ली फ्रेममध्ये सगळ्या केबल हेडसेटमधून (हँडल फिरतं त्या सांध्यातून) आत नेतात. अशा बाईकवर तारेचं आवरण बदलायचं तर मेकॅनिकला निम्मी बाईक उघडावी लागते. तारेची १०५ घेताना केबल बाहेरून आहेत की आतून, हे वजनापेक्षा आधी बघा. सगळं आतून असेल तर मी डीआयटूकडे झुकेन.

डीआयटूचं दुसरं सुख रात्री कळतं. ४०० किंवा ६०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये पहाटेपर्यंत तळहात बधिर झालेले असतात, तेव्हा डाव्या हाताने पुढचा डिरेलर वर ढकलणं जिवावर येतं. बटणाला तेवढा जोर लागत नाही. बॅटरी एका चार्जवर हजारभर किलोमीटर जाते. संपत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा काही काळ चालू राहतो, त्यामुळे अचानक अडकायला होत नाही. एक उणीव : १०५च्या लिव्हरला एअरोबारवर (पुढे झुकून हात टेकवायच्या दांड्यांवर) जादा बटणं जोडायची सोय नाही. ती अल्टेग्रापासून पुढे. डेक्कन क्लिफहँगरसारख्या पुणे ते गोवा शर्यतीसाठी एअरोबार लावणार असाल तर आधीच विचार करा.

डीआयटूच्या बरोबरीला स्रॅम या अमेरिकन कंपनीची रायव्हल एएक्सएस ठेवावी लागते. ती २०२१मध्ये आली आणि पूर्ण वायरलेस आहे. दोन्ही डिरेलरवर एकसारखी छोटी बॅटरी बसते, मागची संपली तर पुढची काढून मागे लावून घरी येता येतं. उजवा लिव्हर जड गियरला, डावा हलक्या गियरला, दोन्ही एकदम दाबले की पुढचं चेनरिंग. इतकं सोपं की थकल्यावरही चूक होत नाही. ४६/३३ आणि १०-३६ घेतलं तर तक्त्यातली शेवटची ओळ तुमची, सगळ्यात हलका चढ. मग अडतं कुठे? १० दात्यांचं चक्र बसायला एक्सडीआर फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॅसेट बसतं तो भाग) लागतो, म्हणजे घरातली जुनी चाकं चालत नाहीत. शिमानोचं बारा स्पीडचं रोड कॅसेट मात्र ११ स्पीडच्या नेहमीच्या फ्रीहबवर बसतं. रायव्हलची चेनही तिची स्वतःची, सपाट पाठीची लागते. ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी वेळेवर बदलत राहायला हवं. शिमानोत मिनरल ऑइल असतं, त्याला हा त्रास कमी. जवळच्या दुकानात स्रॅमचं काम करणारा माणूस असेल तर रायव्हल, नसेल तर १०५. दोन्हींच्या शिफ्टिंगवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना घालू दे.

पुढचा खर्च

आठ-नऊ स्पीडची चेन तालुक्याच्या गावीही मिळते. बारा स्पीडची तिच्या दुप्पट-तिप्पट पडते. पण १०५ची चेन शिमानोच्या बारा स्पीड एमटीबीचीच (माउंटन बाईकचीच) असल्यामुळे ती दुर्मिळ नाही. बारा स्पीडला चेन अर्धा टक्का ताणली की बदलायची. आळस केला तर कॅसेटही जातं, आणि ते बिल मोठं असतं. खाली पडून मागचा डिरेलर तुटला तर सोराचा धक्का सोसवतो, इलेक्ट्रॉनिकचा महिनाभर लक्षात राहतो.

अल्टेग्रा आणि वर

१०५ डीआयटू आणि अल्टेग्रा डीआयटू यांच्या संपूर्ण संचात वजनाचा फरक पाव किलोच्या थोडा वर. बाईक-माणूस मिळून ८७ किलो धरले तर पाऊण तासाच्या चढावर आठ-नऊ सेकंद. ड्युरा-एसला आणखी तेवढेच. स्वतःच्या खिशातून घेत असाल तर हे पैसे चाकांवर घाला. इटलीच्या कॅम्पाग्नोलोचा ग्रुपसेट सुंदर आहे, पण सुट्या भागांसाठी ताटकळायची तयारी हवी.

सेकंडहँड बाजारात मात्र अल्टेग्राचा मोह रास्त असतो, कारण ११ स्पीडची आर८००० नव्या १०५पेक्षा स्वस्तात दिसते. तिथे एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या ११ स्पीड क्रँकसाठी (६८००, आर८०००, ९०००, आर९१००, आर९१००-पी) शिमानोने सप्टेंबर २०२३मध्ये तपासणी मोहीम जाहीर केली. चिकटवलेले दोन भाग सुटून क्रँक तुटू शकते, हे कारण. क्रँकच्या आतल्या बाजूला उत्पादनाचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो, तो कंपनीच्या यादीशी ताडून बघा आणि विकणाऱ्याकडे तपासणी झाल्याची नोंद मागा. नोंद नसेल तर अधिकृत दुकानात क्रँक दाखवून मगच व्यवहार करा. त्या काळातली १०५ची क्रँक या यादीत नाही.