आठवीची 46 मुलं आणि रात्रभराचा दशावतार

आजरा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. गेल्या मार्गशीर्षात आठवीच्या 46 मुलांना घेऊन आंबोली घाट उतरले आणि कुडाळ तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत त्यांना दशावतार, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, दाखवून आणला. शाळेची मुलं नाटकाला न्यायची आहेत पण कुठं न्यावीत हे ठरत नाही, अशा शिक्षकांसाठी हे लिहितेय.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी आम्ही शहरातल्या एका नाट्यगृहात खास शाळांसाठी लावलेल्या प्रयोगाला गेलो होतो. तिकीट माणशी 120 रुपये. पडदा उघडून दहा मिनिटं झाली नसतील, शेजारची मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, ते बोलत नाहीयेत. नुसते ओठ हलवतायत." खरंच होतं ते. सगळे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले, आणि नट त्यावर हातवारे करत होते. मला फार लागलं ते. या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा नाटक पाहिलं आणि तेही असं. तेव्हाच ठरवलं, यापुढं नट मुलांसमोर स्वतःच्या तोंडानं बोलणार असेल तरच जायचं.

दशावतारात नट स्वतःच्या तोंडानं तर बोलतोच, शिवाय स्वतःच्या मनचं बोलतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान, म्हणजे पौराणिक कथा, कुठलं लावायचं, कोणी कुठला पार्ट करायचा एवढं ठरतं. कथा सगळ्यांना तोंडपाठ असते आणि संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतात. मी मुलांना हे वर्गात सांगितलं होतं. विश्वास कुणाचाच बसला नव्हता.

जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: प्रयोगाच्या वेळी पोचू नका, संध्याकाळीच पोचा. कंपनीचे पेटारे देवळात उतरले की खरी शाळा तिथं सुरू होते. आम्ही नाईकांची, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांची, परवानगी घेऊन आठ-आठ मुलांना रंगपटात, म्हणजे नट तयार होतात तिथं, बसवलं. नट जमिनीवर मांडी घालून बसलेले, एका हातात आरसा, दुसऱ्या हातानं स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवतायत. रंगवायला वेगळा माणूस नाही. स्त्रीपार्ट करणारे काका गुळगुळीत दाढी करून आले, तोंडाला सफेदा लावला, भुवया कोरल्या, नऊवारी नेसले, केसांत गजरा माळला आणि उभे राहिले तेव्हा त्यांची मानच वेगळी झाली होती. आमची मुलं, एरवी कुणी पुरुष साडी नेसला की खिदळणारी, एकटक बघत होती. एकानं हळूच विचारलं, "काका, तुम्हाला लाज नाही वाटत?" ते शांतपणे म्हणाले, "साडी नेसलंय म्हणजे आता मी आई आहे बाळा. आईला कसली लाज?"

पालखीची प्रदक्षिणा होऊन प्रयोग उभा राहायला रात्रीचे साडेबारा वाजले. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग: गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, मग वेद पळवणारा काळा संकासुर. तो मालवणीत बोलायला लागला आणि गावातली म्हातारी माणसंसुद्धा पोरांसारखी हसली. आमच्या मुलांना निम्मं कळलं, पण शेजारच्या आजी अर्थ सांगत होत्या. याच आजींनी आल्या आल्या "पोरांनू, हंयसर बसा" म्हणून आम्हाला स्वतःच्या चटईवर जागा दिली होती.

आख्यान बब्रुवाहनाचं, म्हणजे अर्जुन आणि चित्रांगदेच्या मुलाचं होतं. पडदा नाही, देखावा नाही. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ. बाजूला पायपेटी (पायानं भाता मारायची पेटी), पखवाज आणि झांज. अर्जुन आपल्याच मुलाला ओळख नाकारतो तेव्हा चित्रांगदा झालेल्या त्याच काकांनी जे सुनावलं, ते पुस्तकात कुठंही सापडणार नाही. अर्जुन झालेला नट क्षणभर थांबला, मग त्यानं नवीनच उत्तर काढलं, आणि पखवाजवाल्यानं नेमकी थाप दिली. आमच्या मुलांना तेव्हा उमगलं की हे आत्ता, इथं घडतंय. सांगलीत 1843 साली झालेल्या सीतास्वयंवरापासून मराठी नाटकाचा इतिहास मी दरवर्षी शिकवते. त्याहून जुना हा खेळ पन्नास मैलांवर चालू असताना मुलांना नेलं नव्हतं, याचं आता वाईट वाटतं.

उणं काय ते सांगते. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. चारच्या सुमाराला आमची निम्मी मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांना उठवू नका. ध्वनिक्षेपक कर्कश असतो, म्हणून कर्ण्यापासून लांब बसा. एक-दोन विनोद मोठ्यांसाठीचे होते. नाईकांना आधी भेटून सांगितलं असतं तर ते सांभाळून घेतले असते, ही माझीच चूक. थंडी मोठी असते, प्रत्येकाकडं कांबळं हवं. मुलींच्या सोयीसाठी गावच्या शाळेतच उतरलो, ती देवळापासून दोन मिनिटांवर होती. रात्रीचा प्रवास अजिबात नको: आम्ही जत्रेच्या दुपारीच गावात पोचलो, मुलांना दोन तास झोपवलं, दुसऱ्या दिवशी जेवूनच निघालो. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात मिळते, पण आगाऊ नोंदवावी लागते. जत्रा तिथीवर असते, म्हणून जूनमध्येच पंचांग उघडून बसा. जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसतं. मुलांनी दहा-दहा रुपये जमवले आणि पहाटे नाईकांच्या हातात दिले.

सोमवारी वर्गात मी दोन मुलांना अर्जुन आणि बब्रुवाहन केलं. कागद नाही, पाठांतर नाही, बोला म्हटलं. चार वाक्यांत दोघं अडकले. मागून एक मुलगी ओरडली, "अरे, त्याला विचार ना, आईला सोडून का गेलास!" मग तास संपेपर्यंत सगळा वर्ग अर्जुनाला जाब विचारत होता. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. पुढच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले, आणि तेही ऐकत थांबले.