पिवळा मोझॅक आणि वांझ रोग : सोयाबीन-तुरीत पैसा नेमका कुठे घालायचा?

सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, असं आंतरपीक असेल तर एकाच वावरात दोन विषाणूजन्य रोग येऊ शकतात : सोयाबीनवर पिवळा मोझॅक, तुरीवर वांझ रोग. विषाणू झाडात शिरला की कुठल्याही फवारणीने तो निघत नाही, इथपर्यंत दोन्ही सारखेच. पण ते पसरवणारे वेगळे आहेत, म्हणून खर्चाची जागाही वेगळी. पैसा मोजकाच असेल तर तुरीत तो वाणावर घाला आणि सोयाबीनमध्ये पहिल्या महिनाभरातल्या पांढऱ्या माशीवर.

तूर : बियाण्यातच निकाल

वांझ रोग पसरवते ती एरिओफाइड कोळी. लांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याबरोबर ती दूरवर जाते. तूर आणि तुरीच्या रानटी भाऊबंदांवरच ती जगते; सोयाबीनमधून तुरीवर येत नाही. तिचं हंगामाबाहेरचं घर म्हणजे बांधावरची जुनी तूर, खोडवा आणि आपोआप उगवलेली झाडं. मृगाआधी ती उपटली नाहीत तर पुढचा सगळा खर्च अर्धवट ठरतो.

लागण पहिल्या ४५ दिवसांत झाली तर त्या झाडाचं उत्पादन जवळपास पूर्ण जातं. एवढ्या बारीक कोळीमागे पंप घेऊन फिरण्यापेक्षा प्रतिकारक वाण स्वस्त पडतो, कारण आंतरपिकात तुरीचं बियाणं एकरी दोन-अडीच किलोच लागतं. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ (लाल) आणि बीएसएमआर ८५३, म्हणजे वैशाली (पांढरी), हे वाण याच रोगासाठी निवडलेले. दोन्ही भारी जमिनीला आणि लांब हंगामाला बरे. हलक्या-मध्यम जमिनीत, पाण्याची खात्री नसेल तर १५०-१५५ दिवसांत येणारा बीडीएन ७११ घ्यावा.

इथे एक चूक वारंवार होते. ‘मर रोगाला चालतो’ एवढं ऐकून वाण घेतला जातो. मारुती मर रोगाला तग धरतो, वांझ रोगाला मात्र बळी पडतो. पिशवी घेताना दोन्ही रोगांबद्दल वेगवेगळं विचारा. विषाणूचे प्रकारही प्रदेशागणिक बदलतात. बंगळुरूकडचा प्रकार जास्त तीव्र आहे, त्यामुळे तिकडे टिकलेला वाण आणि इकडे टिकलेला वाण एकच असेल असं नाही.

सोयाबीन : वाण अर्धं काम करतो

पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते, आणि ती कापूस, भेंडी, वांगी, तणं, उन्हाळी मूग अशा कितीतरी झाडांवर जगते. म्हणून तिचं घर तुरीसारखं मोडून टाकता येत नाही. जेएस ३३५ आणि जेएस ९५-६० हे वाण या रोगाला लवकर बळी पडतात. जेएस ९७-५२ आणि जेएस २०-२९ बऱ्यापैकी तग धरतात. पण फक्त वाणावर विसंबू नये.

बीजप्रक्रिया टाळू नका : थायामेथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक, किलोला १० मिली, म्हणजे ३० किलो बियाण्याला ३०० मिली. आधी बुरशीनाशक, मग हे, आणि जिवाणूसंवर्धक शेवटी, सावलीत, पेरणीच्या तोंडावर. बुरशीनाशक-कीटकनाशक एकत्र असलेलं तयार मिश्रण घेतलं असेल तर थायामेथोक्झाम पुन्हा लावू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. घमेल्यात जोरात चोळलं तर उगवण घसरते.

उगवणीनंतर पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. माशी दिसू लागली की थायामेथोक्झाम १२.६ टक्के + लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के झेडसी, एकरी ५० मिली. तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. नुसत्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारण्यांनी मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते.

ओळख चुकली तर दोन्हीकडचा पैसा वाया

मोझॅकमध्ये पानावर गडद पिवळे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले असतात, आणि सुरुवातीला झाडं इकडे-तिकडे विखुरलेली दिसतात. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग सारखा पिवळा पडतो, आणि तेही ठरावीक पट्ट्यात. २०२३च्या खरिपात विदर्भात सोयाबीन पिवळं पडलं, त्यात मोझॅकबरोबर मूळकूज आणि खोडकूजही होती. म्हणून झाड उपटून मूळ पाहिल्याशिवाय माशीचं औषध आणू नका.

तुरीचं फसवणं उलट आहे. रोगट झाड मरत नाही. फिकट हिरवं, बारीक पानांचं, झुडपासारखं वाढतं. शेजारची झाडं फुलांनी भरली तरी याला कळी नाही. फुलोऱ्यापर्यंत थांबलात तर तोवर कोळी शेजारी पोहोचलेली असते.

उपटायचं कसं

सोयाबीनचं रोगट झाड सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, न हलवता पिशवीत घालून काढा. भर उन्हात झटकलं तर माशी शेजारच्या झाडावर बसते. तुरीचं झाड पहिल्या ४५ दिवसांत काढा आणि ओळींमधून ओढत नेऊ नका. ते बांधावरही टाकू नका, कारण झाड सुकू लागलं की कोळी वाऱ्यावर निघते. लगेच पुरा. तुरीवर फवारायचंच असेल तर विद्राव्य गंधकासारखं कोळीनाशक, लेबलवरच्या मात्रेने. कोळी हा कीटक नाही. सोयाबीनवरच्या माशीसाठी आणलेलं इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक तिच्यावर चालत नाही.