इझाकायाचा ‘नोमीहोदाई कोर्स’: स्टाफरूममधल्या मंडळींसोबत बसायला कसा आहे?

जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलं की सहकाऱ्यांशी दिवसभरात होणारं बोलणं म्हणजे ‘ओत्सुकारेसामा देस’ (दमलात ना, अशा अर्थाचा रोजचा नमस्कार) आणि फार तर उद्याच्या तासाचा विषय. मोकळं बोलणं होतं ते इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी बारमध्ये. तिथे गट गेला की बहुतेक वेळा नोमीहोदाई कोर्सच घेतला जातो, म्हणजे ठरलेल्या रकमेत ठरलेले पदार्थ आणि दोन तास हवी तितकी पेयं. एप्रिलमधलं नव्यांचं स्वागत असो, मार्चमधला निरोप असो किंवा डिसेंबरमधली बोनेन्काई, म्हणजे वर्षअखेरीची पार्टी, साचा हाच.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आठ-दहा जण असतील आणि तुम्हाला जपानी मेन्यू वाचता येत नसेल तर हा कोर्स फार सोयीचा. काय मागवायचं याची चिंता नाही, बिल किती येईल याची धाकधूक नाही, सगळं लक्ष माणसांकडे. तिघे-चौघेच असाल, किंवा न पिणारे नि शाकाहारी जास्त असतील, तर मात्र घेऊ नका.

हिशेब असा. साखळी इझाकायात जेवणासकट माणशी साधारण 4000 ते 5000 येन पडतात, नुसती नोमीहोदाई घेतली तर 1500 ते 2000. बिअरचा ग्लास 500 येनच्या आसपास धरला तर तीन-चार ग्लासांत पैसे वसूल. पण वेळ 120 मिनिटं लिहिलेली असली तरी शेवटची ऑर्डर बहुधा अर्धा तास आधी घेतात, म्हणजे मागवायला हातात दीडच तास. शिवाय बऱ्याच ठिकाणी रिकामा ग्लास दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही. उलाँग चहा पिणाऱ्याचे पैसे काही केल्या वसूल होत नाहीत, आणि एकाने नोमीहोदाई घेतली की टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यायची, हा नियम सर्रास असतो. स्वस्त प्लॅनमध्ये खऱ्या बिअरऐवजी कमी माल्टची हाप्पोशू येऊ शकते. खरी हवी असेल तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो.

बसल्याबसल्या ओशिबोरी, म्हणजे हात पुसायचा ओला रुमाल येतो, आणि कोर्स नसेल तर न मागवलेली एक छोटी वाटीही येते. ती ओतोशी. तिचे माणशी 300 ते 500 येन बिलात लागतात. ती बसायच्या जागेची आकारणी समजा, वेटरशी वाद घालू नका. टिप मात्र कुठेच द्यायची नसते.

शाकाहारी माणसाची खरी अडचण मांसापेक्षा दाशीची आहे. सुक्या कात्सुओ माशाचा हा अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, तळलेल्या टोफूवरच्या रश्शात, सगळीकडे असतो. थंड टोफू मागवला तरी वर त्याच माशाच्या पातळ चकत्या पसरलेल्या येतात, आणि गरम पदार्थावर असल्या तर वाफेने हलतातसुद्धा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे मीठ लावलेल्या एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) आणि बटाट्याचे फ्राइज, तेही तळणीचं तेल चिकनसाठी वापरलेलंच असतं हे चालत असेल तर. कोर्समध्ये मधोमध नाबेचं भांडं असलं की सगळ्यांचं एकाच रश्शात शिजतं, मग बाजूला काढून घ्यायलाही काही उरत नाही. म्हणून कांजीला (इथे आयोजक, लिपीतली कांजी वेगळी) तीन-चार दिवस आधी लिहून कळवा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देस.’ (मांस-मासे खाता येत नाहीत, दाशीही चालत नाही.) त्या संध्याकाळी टेबलावर सांगून उपयोग नाही, कारण कोर्सचा माल आधीच भरलेला असतो. नाही जमलं तर घरून थोडं खाऊन जा.

यायचं नसेल तेही वेळेतच कळवा. दुकान माणशी पैसे लावतं, आयत्या वेळी एक जण गळाला तर त्याची रक्कम कांजीच्या गळ्यात पडते. पैसे सुटे, नेमके, शक्यतो पाकिटात घालून द्या.

पहिला घोट ‘कांपाई’ म्हटल्याशिवाय घेत नाहीत. वरिष्ठांच्या ग्लासाला आपला ग्लास थोडा खालून टेकवायचा. आपल्या ग्लासात आपण ओतायचं नाही, शेजाऱ्याच्या ओतायचं: बाटली दोन्ही हातांनी धरून, लेबल वरच्या बाजूला ठेवून. समोरचा ओतत असेल तर ग्लास दोन्ही हातांनी थोडा उचला. पुढे प्यायचं नसेल तर ग्लास भरलेला ठेवा, रिकामा दिसला की भरला जातो. न पिणाऱ्यांनी सुरुवातीलाच उलाँग चहा मागवावा, हल्ली त्याचं कुणाला काही वाटत नाही. मुख्याध्यापक ‘आज बुरेइको’ म्हणाले, म्हणजे पद विसरून बोला असं सुचवलं, तरी दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापकच असतात, एवढं ध्यानात ठेवून बोला.

गाडी घेऊन जाणार असाल तर एक थेंबही नाही. 2007 पासून प्यायलेल्याला गाडी देणारा, दारू पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाराही कायद्याने दोषी ठरतो, आणि सरकारी शाळेतल्या शिक्षकाची नोकरीही जाऊ शकते. गावाकडे ‘दाइको’ बोलवा: दोन माणसं येतात, एक तुमची गाडी चालवून घरी आणतो, दुसरा मागून आपल्या गाडीने येतो.

खाजगी इंग्रजी क्लासवाल्यांसाठी हा कोर्स फारसा जमत नाही. शेवटचा तास रात्री 9 च्या आसपास सुटतो, 9:30 ला बसलात की दोन तासांत शेवटची ट्रेन जवळ येते. त्यांनी सगळे पदार्थ एकाच दरात देणाऱ्या याकितोरीच्या (काडीवर भाजलेल्या चिकनच्या) साखळी दुकानात सुटं मागवावं आणि वारिकान, म्हणजे समान वाटणी करावी. विद्यार्थ्यांना बोलवायचा मोह झाला तर आधी करारनामा वाचा, अशा भेटींना बऱ्याच कंपन्यांची मनाई असते.

दोन तास संपले की सगळे उभे राहून एकदम टाळी वाजवतात, तिथे पहिली फेरी संपली. पुढची निजिकाई, बहुधा कराओके, ऐच्छिक असते. ‘आशिता हायाइ नोदे’, उद्या लवकर उठायचंय, एवढं म्हटलं की कुणी आग्रह धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कांजीच्या टेबलाजवळ जाऊन ‘किनो वा आरिगातो गोझाइमाश्ता’, कालबद्दल आभार, असं म्हणा, पण विद्यार्थी आत-बाहेर करत असतील तर हळू आवाजात.