अल्पाका-पालनाचा वर्ग उत्तम. पैदाशीच्या माद्या मात्र तपासूनच घ्याव्यात

इंग्लंडमधल्या लीड्स शहरापासून तासाभराच्या अंतरावर, यॉर्कशायर डेल्सच्या डोंगरउतारावर, एक इंग्रज जोडपे सुमारे चाळीस अल्पाका (उंटाच्या कुळातली, लोकरीसाठी पाळली जाणारी दक्षिण अमेरिकी जनावरे) पाळते. नवशिक्यांसाठी एक दिवसाचा वर्ग, पैदाशीच्या माद्यांची विक्री आणि विक्रीनंतरचा सल्ला अशा तीन सेवा ते देतात. आम्ही पतिपत्नींनी सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचा वर्ग केला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्याकडून तीन माद्या विकत घेतल्या. आता त्यांना सांभाळून चौदा महिने झाल्यावर हे लिहीत आहे. पुढे एक तक्रारही येणार असल्याने शेताचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

वर्गाचे शुल्क माणशी ९० पौंड होते आणि आठांपेक्षा जास्त माणसे घेत नाहीत, हे पहिले समाधान. सकाळी साडेनऊला आम्ही पोहोचलो तेव्हा चहाच्या आधी प्रत्येकाच्या हाती एक पंजा आणि एक घमेले देण्यात आले. अल्पाकाचा कळप ठराविक जागीच लेंड्या टाकतो. त्या गोळा करण्याचे काम सोपे असते, आणि कळपाच्या प्रकृतीची पहिली बातमीही तिथेच मिळते. माझे बालपण माण तालुक्यात आजीच्या शेळ्यांमागे गेले असल्यामुळे, चालता चालता लेंड्या सांडत जाणारे जनावर मला ठाऊक होते. रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहणारे जनावर मी प्रथमच पाहत होतो. मालकीणबाईंनी त्यातली चिमूटभर लेंडी खलून, गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि जंताची अंडी कशी मोजायची ते प्रत्येकाकडून करून घेतले. दर तीन महिन्यांनी सरसकट औषध पाजण्याऐवजी आधी मोजावे आणि गरज असेल त्यालाच पाजावे, नाहीतर जंतच औषधाला दाद देईनासे होतात, हे त्यांनी ठासून सांगितले. रक्त शोषणाऱ्या जंताचा संशय आल्यास खालची पापणी उलटून तिचा रंग पाहायचा: लालसर असेल तर ठीक, पांढुरकी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. लोकरीने झाकलेल्या जनावराची हडकलेली पाठ नजरेला दिसत नाही, म्हणून कण्यावर हात ठेवून मांस चाचपण्याची सवयही त्यांनी तिथेच लावली.

दिवसातला सर्वांत मोलाचा अर्धा तास मोरखी चढवण्यात गेला. अल्पाकाच्या नाकाचे हाड फार आखूड असते आणि त्याच्या पुढे केवळ कूर्चा असते. अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेत असल्याने मोरखीचा पट्टा घसरून त्या मऊ भागावर आला की त्याचा श्वास कोंडतो, आणि मग ते जे उधळते त्याला आपण स्वभाव म्हणतो. बाईंनी माझी तर्जनी धरून एका तपकिरी नराच्या डोळ्याखालून हळूहळू पुढे नेली, हाड संपून बोट किंचित आत दबले तिथे थांबवली, आणि पट्टा यापासून दोन बोटे मागे, डोळ्याच्या जवळ, हवा असे सांगितले. पुस्तकातल्या आकृतीवरून हे मला जन्मात समजले नसते.

दुपारच्या सत्रात पैदाशीचा विषय होता. गाय किंवा शेळी जशी माजावर येते तशी अल्पाकाची मादी येत नाही. नराशी संयोग झाल्यावरच तिचे बीज सुटते, त्यामुळे दिवस मोजून नर दाखवण्याचा प्रश्नच नसतो. नर घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज काढत मागे लागतो. मादी राजी असेल तर पाय दुमडून बसते, आणि तो कार्यक्रम वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ चालतो. आठवड्याने, मग पुन्हा पंधरवड्याने तोच नर समोर आणायचा. मादी बसली तर गर्भ राहिलेला नाही असे समजायचे. ती थुंकली, लाथा झाडू लागली आणि पळाली, तर बहुधा राहिला आहे. आमच्यासमोर एका करड्या मादीने नराच्या तोंडावर हिरव्या रवंथाची अशी पिचकारी मारली की शेजारी उभ्या असलेल्या सद्गृहस्थांचा चष्माही त्यात सापडला. गर्भकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा, एका वेताला एकच पिल्लू, आणि जुळे इतके विरळ की त्याचा विचारही करू नये. या पिल्लाला सगळीकडे ‘क्रिया’ म्हणतात. तो शब्द स्पॅनिशमधून आलेला असला तरी मराठी कानाला तो पहिले काही दिवस विचित्रच वाटतो.

कुंपण, चारा आणि चराऊ जागा यांवर फार वेळ गेला नाही, आणि तो जायला हवा होता असेही नाही. एकरी पाच-सहा जनावरे, कुरणात विषारी पिवळी रॅगवर्ट असल्यास ती मुळासकट उपटणे, आणि एकटे अल्पाका कधीही न पाळणे एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. जेवणात मसुरीचे सूप होते. त्यात मीठ नव्हते.

खरी निराशा शेवटच्या तासाने केली. तो तास अर्थकारणाचा होता, आणि तोवर लेंडीतली अंडी एकेक करून मोजायला लावणाऱ्या त्याच माणसांनी इथे मात्र आकडेमोड सैल सोडली. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट यांनी अल्पाकाच्या लोकरीवर संपत्ती उभी केली आणि १८५३ मध्ये सॉल्टेअरची प्रचंड गिरणी सुरू केली, ही कहाणी यॉर्कशायरमध्ये कुणालाही मोहात पाडते. पण सॉल्ट यांची कमाई कापडगिरणीची होती, पैदाशीची नव्हे. छोट्या शेतावर एका जनावरापासून वर्षाला दोन ते चार किलो लोकर निघते. आमच्या तीन माद्यांची मिळून सात किलोही भरली नाही, आणि कातरणाऱ्याची मजुरी, त्याचा प्रवासखर्च व सूत कातून घेण्याचा दर धरता त्या लोकरीने स्वतःचा खर्चही भागवला नाही. उरतो तो पिल्लांच्या विक्रीचा हिशेब. त्यात निम्मी पिल्ले नर होणार, आणि त्यातल्या बहुतेकांना खच्ची करून हौशी लोकांना स्वस्तात द्यावे लागणार, ही गोष्ट विचारल्याशिवाय सांगितली गेली नाही.

अमेरिकेत असाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला आहे. तिथे चांगल्या अल्पाकांना हजारो डॉलर मोजले जात असताना, २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील दोन कृषी अर्थतज्ज्ञांनी लोकरीच्या उत्पन्नाशी या किमतींचा मेळ बसत नाही आणि हा सट्ट्याचा फुगा आहे असे मांडले होते. पुढे मंदीत तो फुगा फुटला. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आधी इमू आणि नंतर कडकनाथ कोंबड्या यांचे गणित आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांच्या अंगाशी आले ते आपण पाहिलेले आहे. प्रत्येक पाळणारा पुढच्या पाळणाऱ्याला पिल्ले विकतो, आणि अखेरचा खाणारा किंवा नेसणारा कुठेच दिसत नाही, तेव्हा हिशेबाची वही मिटण्याऐवजी उघडावी. या शेताने फसवणूक केली असे मी मुळीच म्हणत नाही. उत्पन्नाची कोणतीही हमी त्यांनी दिली नाही. पण ‘गुंतवणूक’ हा शब्द त्या तासात चार वेळा आला, आणि तो एकदाही यायला नको होता. आईला फोनवर हे सगळे सांगितले तेव्हा तिने विचारले, “अरे, दूध काढायचं नाही, कापायचं नाही, नांगराला जुंपायचं नाही, मग त्याला पाळायचं कशाला?” वर्गात हा प्रश्न इतक्या थेटपणे कुणीही विचारला नव्हता.

एवढे कळूनही आम्ही माद्या घेतल्या, कारण चार एकर भाड्याचे कुरण हाताशी होते आणि हौस दांडगी होती. गाभण म्हणून दोन माद्या प्रत्येकी २२०० पौंडांना आणि सोबतीला एक लहान मादी ९०० पौंडांना, असा तो ‘संच’ होता. क्षयाच्या बाबतीत हे शेत काटेकोर निघाले. गुरांचा क्षय अल्पाकांनाही होतो. न्यूझीलंडहून आणलेल्या जेरोनिमो या नराची क्षयाची चाचणी दोनदा पॉझिटिव्ह आल्यावर चाललेला न्यायालयीन वाद आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने त्याला मारल्याची बातमी इथे घरोघरी चर्चिली गेली होती. आमचा भाग कमी जोखमीचा समजला जात असूनही या जोडप्याने आपण होऊन रक्तचाचणी करून घेतली होती, आणि तिचा अहवाल पैसे घेण्याआधी आमच्या हाती दिला.

तक्रार आहे ती दुसऱ्या मादीबद्दल. जूनपर्यंत तिचे पोट वाढेना, कासही उतरेना, म्हणून डॉक्टरांना बोलावून सोनोग्राफी केली तर गर्भाशय रिकामे. चौकशीअंती समजले की ‘गाभण’ हा शिक्का केवळ थुंकण्याच्या परीक्षेवर मारलेला होता. अल्पाकांत सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ जिरून जाण्याचे प्रकार कमी नसतात, त्यामुळे विकताना त्यांची समजूत प्रामाणिक असणे शक्य आहे. तथापि गाभण मादीचा दर लावायचा असेल तर विक्रीच्या आठवड्यात सोनोग्राफी करून देणे हे विक्रेत्याचेच काम आहे. त्यांनी ६ जुलै रोजी नर आमच्या कुरणात आणून विनामूल्य संयोग करून दिला, हे मान्य. डॉक्टरांचे शुल्क आणि वाया गेलेले वर्ष मात्र आमच्याच खात्यावर राहिले.

याउलट विक्रीनंतरच्या सल्ल्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पहिली मादी जुलैत एका पावसाळी सकाळी, दहाच्या सुमारास व्याली. अल्पाका सहसा दिवसाउजेडीच वितात, ही निसर्गाची कृपा समजावी. शेळी जशी करडाला चाटून कोरडे करते तशी ही आई करत नाही. तिची जीभ त्या कामाची नसते, ती नुसती हुंकार देत नाकाने हुंगत राहते. पिल्लू गवतात कुडकुडत होते, आणि मी दूरध्वनीवर बाईंचा आवाज ऐकत टॉवेलने ते पुसत होतो. वजन करा, नाळेला आयोडीन लावा, वार पडण्याची वेळ टिपून ठेवा, आणि पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, अशा एकेक सूचना त्या घाई न करता देत होत्या. पिल्लू ७ किलो २०० ग्रॅम भरले, आणि पावणेदोन तासांनी त्याने सड धरला. बाटलीने पाजण्याचा मोह टाळा, हेही त्यांनीच बजावले, कारण माणसाच्या हाताने वाढलेला नर मोठेपणी माणसालाच कळपातला प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी न विचारता आठवण केली की पिल्लाला ड जीवनसत्त्व सुरू करा. अँडीजमध्ये चार हजार मीटर उंचीवरच्या प्रखर उन्हासाठी घडलेले हे जनावर यॉर्कशायरच्या हिवाळी उजेडात, तेही दाट लोकरीखाली, पुरेसे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकू लागतात. हा सल्ला फुकट होता, आणि त्या पिल्लाचे चारही पाय आज सरळ आहेत.

ज्यांच्याकडे जागा आहे आणि दोन-तीन खच्ची नर हौसेने पाळायचे आहेत त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. ज्यांना पैदास करायची आहे त्यांनी वर्ग करावाच, पण माद्या घेताना आपला डॉक्टर सोबत न्यावा आणि वेगवेगळ्या चार शेतांचे दर विचारावेत. लेंडीखताबद्दल एक शब्द: ते फार तीव्र नसल्यामुळे थेट वाफ्यात घालता येते, आणि आमची मेथी त्यावर उत्तम आली. आजवर या सगळ्या खटाटोपातून खरोखर खाता आलेली गोष्ट ती एवढीच.

दुसऱ्या मादीचा, त्या संयोगापासून मोजता, आज ३३८वा दिवस आहे. काल संध्याकाळी बाईंना तसा संदेश पाठवला. सहा मिनिटांत उत्तर आले की दिवसांवरून काही समजत नाही, तिच्या कासेचा फोटो पाठवा.